स्टॅटिन : अन्न व इतर औषधांशी आंतरक्रिया

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचे रक्तातील प्रमाण काही औषधांमुळे आणि फळांमुळे बदलते, त्याला आंतरक्रिया म्हणतात. सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि त्यांच्याहून कमी प्रमाणात अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन यांचे विघटन आतड्यातले व यकृतातले सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) करते. ते अडले की नेहमीचीच गोळी अंगात कित्येक पटींनी साचते.

याचा एक धागा योगायोगाने हाती आला. कॅनडातील डेव्हिड बेली व सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन मद्यासोबत तपासत होते. मद्याची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची पातळी भलतीच चढली (1989). रसातली फ्युरॅनोकूमरिन द्रव्ये आतड्यातले विकर कायमचे निकामी करतात. नवे तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून सकाळी रस नि रात्री गोळी, असे अंतर ठेवूनही भागत नाही. ग्रेपफ्रूट आपल्याकडे क्वचितच खाल्ले जाते. पण ते ज्या पपनसाच्या संकरातून आले, ते गोवा-कोकणात गणपतीच्या माटोळीला (मूर्तीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला) बांधतात आणि आवडीने सोलून खातात. पपनसातही हीच द्रव्ये असतात. मोसंबी-संत्र्याची अशी भीती नाही.

तरी फळापेक्षा जास्त काळजी औषधांची करायला हवी. गजकर्णासाठी महिनाभर दिले जाणारे इट्राकोनॅझोल किंवा घशासाठी आठवडाभर दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन हे विकर जोरात अडवते. सिम्व्हास्टॅटिनसोबत दोन्ही वर्ज्य आहेत. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाची गोळी सांगायची राहून जाते, आणि घोटाळा तिथेच होतो. साचलेल्या स्टॅटिनने स्नायूंच्या पेशी फुटतात: मांड्या-दंड दुखतात, लघवी चहासारखी गडद होते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तातील चरबी कमी करणारे जेमफायब्रोझिल हे औषध वेगळ्या वाटेने हाच धोका वाढवते. स्नायू फुटून झालेल्या मृत्यूंमुळे सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन 2001 मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. दगावलेल्यांपैकी काही जण जेमफायब्रोझिलही घेत होते.

क्षयावरील रिफॅम्पिसिनने उलट होते: विकर वाढते आणि अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन यांचा परिणाम घटतो. रोसुव्हास्टॅटिन या विकरावर फारसे अवलंबून नाही. मात्र अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड सोबत घेतले तर रोसुव्हास्टॅटिन जवळपास निम्मेच शोषले जाते. अँटासिड गोळीनंतर दोन तासांनी घ्यावे.