जंताची चाहूल लागते कशी?

जिवाणू शरीरात घुसला, की पांढरी पेशी त्याला सरळ गिळून टाकते. जंतापुढे ही युक्ती चालत नाही. पेशी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी, तर आतड्यातला गोलकृमी चांगला वीतभर लांब. हिशेब मांडला तर मुंगीपुढे शंभर मीटरचा अजगर!

मग शरीर आतडंच असं करून टाकतं, की जंताला तिथे टिकाव धरता येऊ नये.

याची सुरुवात जी पेशी करते, ती मुळात रोगप्रतिकारक पेशी नाहीच. आतड्याच्या अस्तरात विखुरलेली ही टफ्ट पेशी; डोक्यावर ब्रशसारखा केसांचा झुपका. 1950च्या दशकातच ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती, पण ती करते काय, हे कळायला 2016 साल उजाडलं. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींतली काही प्रथिनं हिच्यातही आहेत. म्हणजे आतड्यात काय चाललंय, याची ती एका अर्थी चवच घेत असते.

उंदरांवरच्या प्रयोगांत पुढची साखळी उलगडली. जंत आले, की टफ्ट पेशी इंटरल्युकिन-25 नावाचा रासायनिक निरोप सोडते. तो अस्तराखाली दबा धरून बसलेल्या आयएलसी-2 या प्रतिकारक पेशींना पोचतो आणि त्या इंटरल्युकिन-13 सोडतात. हा दुसरा निरोप जातो अस्तराच्या खोल खाचांतल्या, नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशींकडे. अस्तर दर तीन-पाच दिवसांनी नवं होतच असतं. आता त्या नव्या भरतीत टफ्ट पेशी आणि चिकट श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी जास्त निघतात. टफ्ट पेशी वाढल्या की निरोपही वाढतो. आधी शेकड्यात जेमतेम एखादी असलेली ही पेशी बघता बघता कितीतरी पट होते.

मग श्लेष्म्याचा थर जाड होतो, पाणी सुटतं, आतड्याचे स्नायू जोराने आवळू लागतात. उंदरातला निप्पोस्ट्राँगिलस हा कृमी साधारण आठ-दहा दिवसांत बाहेर फेकला जातो. टफ्ट पेशीच नसलेल्या उंदरांत मात्र तो मुक्काम लांबवतो.

अर्थात जंतही काही कच्चे नाहीत. जखमी पेशी इंटरल्युकिन-33 सोडतात, हाही आयएलसी-2ला उठवणारा भोंगा. उंदरातलाच हेलिग्मोसोमॉइडिस हा कृमी असं एक प्रथिन सोडतो, जे या इंटरल्युकिन-33ला धरून ठेवतं. भोंगा वाजायच्या आधीच त्यात बोळा! हा पाहुणा मग कित्येक आठवडे हलत नाही.