मॉन्टसेकिया : शंभर वर्षं ओळख न पटलेली सपुष्प वनस्पती

ईशान्य स्पेनमध्ये, पिरेनीज पर्वताच्या दक्षिण अंगाला मॉन्टसेक नावाची डोंगररांग आहे. तिथे शिळाछापाला लागतो तसा बारीक कणांचा चुनखडक मिळतो. त्याच्या पाट्यांवर मासे, कीटक आणि नाजूक फांद्यांचे ठसे उमटलेले असतात. त्यातल्या एका वनस्पतीचं वर्णन फ्रेंच अभ्यासक रेने झेइयेर यांनी १९०२ मध्ये केलं. आज आपण तिला मॉन्टसेकिया विदाली म्हणतो.

ओळख मात्र कुणालाच पटत नव्हती. कुणी तिला सूचिपर्णी गटात बसवलं, तर कुणाला ती शेवाळवर्गीय वाटली. यात त्यांचा दोष नव्हता, कारण सपुष्प वनस्पती म्हटली की डोळे पाकळ्याच शोधतात आणि या ठशांत पाकळीचा मागमूसही नव्हता. सपुष्प वनस्पती जीवाश्मांच्या नोंदीत इतक्या अचानक कशा अवतरतात, हे कोडं डार्विनलाही सुटलं नव्हतं. १८७९ साली आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने ती तगमग बोलून दाखवली होती.

२०१५ मध्ये बर्नार्ड गोमेझ, डेव्हिड डिल्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक नमुने नव्याने तपासले. दगडावर हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब सोडून चुनखडी विरघळवली, सुटी झालेली पानांची उपत्वचा, म्हणजे पानावरचं पातळ आवरण, रसायनांनी उजळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हे काम किती सबुरीचं असेल! त्यातून समोर आली ती पूर्णपणे पाण्याखाली जगणारी वनस्पती. मुळं नाहीत, पाकळ्या नाहीत, कीटकांना बोलावणारा मध नाही. पण इवल्याशा फळात एकच बी, उलटं टांगलेलं आणि चारी बाजूंनी झाकलेलं.

हे झाकलेलं बीच निर्णायक ठरलं. मराठीतला ‘आवृतबीजी’ हा शब्द मला म्हणूनच ‘सपुष्प’पेक्षा नेमका वाटतो. या गटाची खरी खूण फुलाच्या दिखाऊपणात नाही, बी झाकलेलं असण्यात आहे.

खडकाचं वय ठरवायला त्याच थरांतल्या कॅरा गटातल्या शैवालांचे जीवाश्म उपयोगी पडले. हे वय साडेबारा ते तेरा कोटी वर्षं निघालं. आवृतबीजींचे परागकण याहून जुन्या थरांतही मिळतात, पण इतकी जुनी आणि इतकी सबंध वनस्पती हाती लागणं विरळाच. अशीच दुसरी जुनी आवृतबीजी वनस्पती, चीनच्या लिआओनिंग प्रांतातली आर्किफ्रुक्टस, १९९८ मध्ये जाहीर झाली. आधी ती ज्युरासिक काळातली मानली गेली, पुढे तिचं वय सुमारे साडेबारा कोटी वर्षांवर आलं. तीही पाण्यातलीच आणि बिनपाकळ्यांची.

मॉन्टसेकियाशी सर्वांत जवळचं साम्य दिसतं ते सेरॅटोफायलमशी. मत्स्यपेटीत दिसणारी ती हिरवी, बिनमुळांची झुपकेदार वनस्पती. तिची फुलं आजही पाण्याखालीच उमलतात आणि परागकण पाण्यातूनच वाहत जातात.