मंगळावरच्या रोव्हरचा चित्रमागोवा

मंगळावर फिरणारा रोव्हर जी कच्ची छायाचित्रे पाठवतो ती रोजच्या रोज पाहत त्याच्या प्रवासाचा माग ठेवणे, म्हणजे चित्रमागोवा. एखादे देखणे चित्र पाहून पुढे सरकणे हा मागोवा नव्हे. परवा क्षितिजावर ठिपक्याएवढा असलेला खडक आज चाकाशी आला आणि उद्या मागच्या कॅमेऱ्यात तो लहान होत जाणार, हे ध्यानात राहू लागले की मागोवा लागला म्हणायचे. नागपूरकराला त्यासाठी दुर्बीण नको, शहराबाहेरचा अंधार नको, मोबाइल पुरतो. श्रावणात आभाळ आठवडाभर उघडले नाही तरी या छंदात खाडा पडत नाही.

या छंदाला खरी वाट करून दिली ती २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या रोव्हरांनी. त्यांची चित्रे पृथ्वीवर पोचताच नासाने जवळजवळ लगेच सर्वांसाठी खुली केली. संशोधकांनी आधी पाहायचे आणि उरलेले जगाला दाखवायचे, हा रिवाज तिथे मोडला. पुढे ६ ऑगस्ट २०१२ रोजी क्युरिऑसिटी उतरला तेव्हा नागपुरात सोमवार सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे ऐन कचेरीची वेळ. पर्सिव्हिअरन्स मात्र १९ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अडीचच्या सुमारास उतरला. जागणाऱ्यांची सोय झाली, एवढेच.

चित्रे वाचायची तर आधी फाइलचे नाव वाचावे. पर्सिव्हिअरन्सच्या चित्राच्या नावातले पहिले अक्षर कॅमेरा सांगते: ‘एन’ म्हणजे वाट शोधणारा नॅव्हकॅम, ‘झेड’ म्हणजे डोलकाठीवरचा मास्टकॅम-झेड, ‘एफ’ आणि ‘आर’ म्हणजे पुढचे-मागचे धोके टिपणारे हॅझकॅम. दुसरे अक्षर डावा डोळा की उजवा ते सांगते. त्यानंतरचा चार आकडी क्रमांक सोलचा, म्हणजे उतरल्यापासूनच्या मंगळदिवसाचा. पुढची लांबलचक संख्या १ जानेवारी २००० च्या दुपारपासून मोजलेले सेकंद असतात. एवढे उमगले की विस्कळीत चित्रांचा ढीग आपोआप तारीखवार लागतो. सोल २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा असल्याने मंगळावरची दुपार आपल्या घड्याळात रोज सुमारे ४० मिनिटे पुढे सरकते. म्हणून ‘रोज रात्री जेवणानंतर पाहू’ असे वेळापत्रक बसत नाही.

सर्वात जास्त फसगत होते ती मापाची. चित्रात झाड नाही, माणूस नाही, विजेचा खांब नाही. दगड मुठीएवढा की घराएवढा, ते डोळ्याला कळत नाही. मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटीच्या एका चित्रातला ‘दरवाजा’ व्हॉट्सॲपवर घरोघरी पोचला होता. प्रत्यक्षात ती कड्यातली भेग होती, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची. त्यातून मांजरसुद्धा वाकूनच गेले असते. उलट क्युरिऑसिटी ज्यात उतरला त्या गेल विवराचा व्यास १५४ किलोमीटर, म्हणजे एक काठ नागपुरात धरला तर दुसरा अमरावतीच्याही थोडा पलीकडे जातो. चित्रात मात्र तो काठ धुळकट टेकड्यांची ओळ होऊन बसतो.

मापासाठी सर्वात भरवशाची खूण म्हणजे चाकोरी. क्युरिऑसिटीच्या सहा चाकांचा व्यास प्रत्येकी ५० सेंटिमीटर आहे आणि धावेत मुद्दाम पाडलेल्या छिद्रांतून जेपीएल (रोव्हर बनवणारी नासाची प्रयोगशाळा) ही अक्षरे मोर्स लिपीत मातीवर उमटतात: टिंब, रेघ, रेघ, रेघ, असे पुढे. चाक एकदा फिरले की ठसा पुन्हा येतो. दोन ठशांमधले अंतर अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर चाक जागच्या जागी फिरले, माती भुसभुशीत आहे, असा अर्थ. पावसात मुरमाच्या चढावर गाडी घातलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. २००९ साली स्पिरिट अशाच मातीत रुतला तो कायमचा. क्युरिऑसिटीचे दुखणे वेगळे: २०१३ पासून त्याच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना टोकदार खडकांनी भोके पडू लागली. चाकांची ती चित्रे एकामागोमाग एक पाहणे म्हणजे ओळखीच्या माणसाच्या चपला झिजताना पाहणे.

रंगांच्या बाबतीत जपून असावे. पुष्कळ चित्रांचे रंग पृथ्वीवरच्या उजेडासारखे करून घेतलेले असतात, कारण खडक ओळखायला ते सोपे जाते. ताळ्यासाठी रोव्हरच्या अंगावर रंगपट्ट्या असतात. क्युरिऑसिटीवर तर १९०९ सालचे एक सेंटचे नाणेही आहे आणि त्यावर धूळ साचत गेलेली चित्रांत दिसते. सूर्यास्ताचा निळा रंग मात्र खरा. बारीक धूळ निळा प्रकाश फारसा न वळवता सूर्यकिरणांच्याच दिशेने पुढे पाठवते, म्हणून मावळत्या सूर्याभोवती निळसर वलय दिसते. फुटाळ्याच्या काठावर लालबुंद सूर्य पाहायची सवय असलेल्याला ते आधी खोटेच वाटते.

खडकांच्या बाबतीत नागपूरकर निम्मा तयार असतो. शहर दख्खनच्या लाव्हाप्रदेशाच्या पूर्व कडेला वसले आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि मंगळाचा बहुतेक पृष्ठभागही बेसाल्टचाच. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर उल्का आदळून बेसाल्टमध्येच झाले, म्हणून मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. गेल विवरातले पातळ थरांचे चिखलखडक मात्र वेगळे. ते जुन्या सरोवराच्या तळाशी साचले. काळा पत्थर डोळ्यांत बसलेला असला की हा फरक चटकन उठून दिसतो. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रातले तारांगण ग्रहांच्या चाली दाखवते. दगड पाहायला मात्र टेकडीच चढावी.

साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये येतो आणि सुमारे दोन आठवडे रोव्हरांना आज्ञा पाठवणे थांबते. नवखे घाबरतात, जुने जाणते त्या काळात जुनी चित्रे जोडत बसतात. ऑपॉर्च्युनिटीचे थांबणे तसे नव्हते. १४ वर्षांत ४५ किलोमीटर, म्हणजे नागपूर ते रामटेकच्या रस्त्याएवढे, चालून तो २०१८ च्या धुळीच्या वादळात अडकला. सौर पट्ट्यांवर चालणाऱ्या त्याला धुळीमुळे ऊन मिळेना. अणुऊर्जेवरचा क्युरिऑसिटी दुसरीकडून तेच वादळ टिपत होता. ऑपॉर्च्युनिटीचे १० जून २०१८ चे शेवटचे चित्र जवळपास काळे आहे. त्यातले पांढरे ठिपके तारे नव्हेत, तो कॅमेऱ्यातला गोंगाट, म्हणजे कॅमेऱ्यातच उमटलेले खोटे ठिपके आहेत. आणि खालचा भाग कोराच आहे, कारण तेवढे यायचे राहून गेले.