ठपका ठेवून काढलं, तर अमेरिकेत अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) मिळतं का?

कामावरून काढताना एचआरवाले बरेचदा ऐकवतात, "मिसकंडक्टमुळे काढलंय, अनएम्प्लॉयमेंट विसरा." पण ते ठरवणारे ते कोण? निर्णय राज्याचं खातं घेतं. कॅलिफोर्नियात ईडीडी, टेक्सासमध्ये वर्कफोर्स कमिशन. तेव्हा क्लेम भराच, आणि त्याच आठवड्यात भरा.

कायद्यातलं 'मिसकंडक्ट' (गैरवर्तन) ऑफिसातल्यापेक्षा बरंच अरुंद आहे. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली एका टॅक्सीचालकाच्या खटल्यात त्याची व्याख्या केली आणि पुढे अनेक राज्यांनी ती उचलली: मालकाच्या हिताची जाणूनबुजून केलेली पायमल्ली. काम न जमणं, एखाद्या वेळची हयगय, चांगल्या हेतूने घेतलेला पण फसलेला निर्णय यात येत नाही. टार्गेट गाठलं नाही म्हणून काढलं असेल तर भत्ता सहसा मिळतो. लेखी ताकीद मिळूनही उशिरा येत राहिलात किंवा टाइमशीटवर खोटे तास भरलेत, तर कठीण आहे. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी बहुतेक राज्यांत मालकावर असते.

"राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील" या गोड बोलण्याला मात्र भुलू नका. स्वतःहून सोडल्याची नोंद झाली की सबळ कारण दाखवण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

बाकी अटी सगळ्यांना सारख्याच: आधारभूत काळात (साधारणपणे मागच्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार) पुरेशी कमाई, काम करण्याची क्षमता व तयारी, आणि नव्या कामाचा शोध. सोशल सिक्युरिटी नंबर, मागच्या १८ महिन्यांतल्या मालकांची नावं, पत्ते, तारखा, पगार आणि काढल्याचं पत्र हाताशी ठेवा. नागरिक नसाल तर वर्क परमिटही लागेल. एच-वन-बीवाल्यांचा व्हिसा मालकाशी बांधलेला, म्हणून त्यांचं गाडं 'कामासाठी उपलब्ध' या अटीवरच अडतं. त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं.

फॉर्मवर कारण 'डिस्चार्ज्ड' (मालकाने काढलं) असंच निवडा. 'लेड ऑफ' (काम नाही म्हणून कमी केलं) लिहिलंत तर ती खोटी माहिती ठरते. खुलासा तारखेनिशी आणि थोडक्यात: "१२ तारखेची रजा मेलने मागितली होती, मॅनेजरने 'ओके' असं उत्तर दिलं होतं." रागाचा निबंध कोणी वाचत नाही. पुराव्यासाठी पे-स्लिपा, अप्रेझल, ताकिदीची पत्रं जपा. कंपनीच्या गोपनीय फाइली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका, नाहीतर आरोपाला आयताच पुरावा मिळेल.

नकार आला तर अपील करा. मुदत निकालपत्रावर छापलेली असते: कॅलिफोर्नियात ३० दिवस, टेक्सासमध्ये १४. सुनावणी बहुधा फोनवर होते, तरी चुकवू नका. घटना प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार न आणता कंपनीने नुसती एचआरची फाइल पुढे केली, तर तिची बाजू लंगडी पडते. तोवर दर आठवड्याचं किंवा पंधरवड्याचं सर्टिफिकेशन (अजून बेकार आहे, काम शोधतोय असं खात्याला कळवणं) भरत राहा. अपील जिंकलात तरी पैसे मिळतात ते भरलेल्या आठवड्यांचेच.