सव्वाआठ एकरांचं राज्य

टोंगाच्या कायद्यानुसार सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक टोंगन पुरुषाला सव्वाआठ एकर शेतजमीन आणि घरासाठी गावात १६ गुंठे जागा मागता येते. ही जमीन विकत घ्यावी लागत नाही, आणि घेता येतही नाही. देशातली सगळी जमीन राजाची आहे आणि ती कुणीही विकू नये, हे १८७५ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलंय. पॉलिनेशियात स्वतःचा राजा असलेलं, आज उरलेलं हे एकमेव राज्य. तिथली माणसं, त्यांचं सरकार आणि त्यांच्या अडचणी समजून घ्यायच्या तर या सव्वाआठ एकरांपासूनच सुरुवात करावी लागते.

दक्षिण प्रशांत महासागरात उत्तर-दक्षिण सुमारे ८०० किलोमीटरच्या पट्ट्यात टोंगाची १७० च्या आसपास बेटं विखुरली आहेत. त्यातल्या चाळीसेक बेटांवरच वस्ती आहे. सगळी बेटं मिळून जमीन जेमतेम ७५० चौरस किलोमीटर भरते, हक्काचा समुद्र मात्र सुमारे सात लाख चौरस किलोमीटर. १८८७ च्या राजघोषणेत देशाची हद्द अक्षांश-रेखांशांची चौकट आखून दिली आहे: १५ ते साडेतेवीस अंश दक्षिण, १७३ ते १७७ अंश पश्चिम. खरं तर ही बेटं १८० रेखांशाच्या पूर्वेला येतात. पण वाररेषा त्यांना वळसा घालून जाते, म्हणून टोंगाचं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे चालतं. १९७२ साली काही परदेशी मंडळींनी या चौकटीबाहेरच्या मिनर्व्हा प्रवाळखडकांवर वाळू ओतून तिथे स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. टोंगाने त्याच वर्षी ते खडक आपल्या ताब्यात घेतले.

बेटांच्या पूर्वेला टोंगा गर्ता आहे. तिची खोली सुमारे १०,८०० मीटर, म्हणजे मारियाना गर्तेच्या खालोखाल. प्रशांत भूपट्ट इथे पश्चिमेकडे खाली घुसतो. गर्तेच्या उत्तर टोकाला दोन्ही बाजू वर्षाला सुमारे २४ सेंटिमीटर वेगाने जवळ येतात आणि भूपट्टांच्या हालचालींत इतका वेग दुसरीकडे कुठे मोजला गेलेला नाही. खाली जाणारा भूपट्ट सोबत पाणी नेतो. शंभरेक किलोमीटर खोलीवर दाब आणि उष्णतेमुळे ते पाणी खडकातून सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. पाण्यामुळे तिथल्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो, तयार झालेला शिलारस वर येतो आणि गर्तेला समांतर अशी ज्वालामुखींची रांग उभी राहते.

त्यामुळे टोंगाच्या बेटांच्या रांगा दोन आहेत. पश्चिमेची रांग ज्वालामुखींची: हजार मीटरपेक्षा उंच काओ, शेजारचं तोफुआ आणि अलीकडे जगाला माहीत झालेलं हुंगा. पूर्वेची रांग प्रवाळी चुनखडीची: टोंगाटापू, वावाउ आणि हाअपाई गटातली ठेंगणी बेटं. माणसं राहतात ती मुख्यतः पूर्वेकडच्या रांगेत. आग्नेयेचं एउआ थोडं वेगळं आहे. त्याच्या पायाचे खडक चार कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत आणि तिथे डोंगर, जंगल, ओढे सगळं आहे.

नुसत्या चुनखडीवर शेती कठीणच. पण पश्चिमेच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं पूर्वेच्या बेटांवर पडत राहिली आणि तिची तांबूस-तपकिरी, भुसभुशीत, कसदार माती झाली. टोंगाटापूवर हा थर ज्वालामुखींकडच्या पश्चिम टोकाला जाड आहे आणि पूर्वेकडे पातळ होत जातो. थोडक्यात, सव्वाआठ एकरांचा कस पश्चिमेच्या रांगेतून आला आणि सपाटी प्रवाळाने दिली.

पाण्याची गोष्ट जरा निराळी आहे. टोंगाटापूवर नदी नाही, कारण सच्छिद्र चुनखडीत पाऊस थेट मुरतो. मुरलेलं गोडं पाणी खाली खडकात शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगतं. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड असल्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक सेंटिमीटर वर असेल, तर तो थर सपाटीखाली सुमारे चाळीस सेंटिमीटर जातो. बेटाच्या मध्यावर थर जाड आणि कडांना पातळ, असं हे गोड्या पाण्याचं भिंग. चाळीसाचं हे प्रमाण उलटही लागू पडतं. पंपाने पातळी थोडीशी खेचली तरी तळाचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. म्हणून अशा बेटावर पाणी कमी पडलं की बोअर आणखी खोल नेणं हा सर्वांत वाईट उपाय. विहिरी उथळ ठेवायच्या, एकमेकींपासून लांब खणायच्या आणि प्रत्येकीतून थोडंथोडंच पाणी उपसायचं. एवढं करून मिळालेलं पाणीही चुन्याच्या क्षारांमुळे जड असतं. त्यामुळे पिण्यासाठी घरोघरी पत्र्याच्या छपरावरचं पावसाचं पाणी सिमेंटच्या टाकीत साठवतात.

१५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा–हुंगा हाअपाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला तेव्हा या टाक्यांत राख उतरली. राख पडायला लागली की आधी पन्हळीचा पाइप टाकीपासून सुटा करायचा, छप्पर झाडून-धुऊन घ्यायचं आणि मगच तो पुन्हा जोडायचा, असा नियम आहे. त्या संध्याकाळी मात्र लोक त्सुनामीपासून पळत होते. स्फोटाचा स्तंभ ५७ किलोमीटर उंच गेला. उपग्रहांनी मोजलेला हा आजवरचा सर्वांत उंच स्तंभ. त्याने १४ कोटी टनांहून अधिक वाफ स्थितांबरात नेली, म्हणजे तिथल्या एकूण पाण्याच्या साधारण दहा टक्के. स्तंभातला जो भाग परत कोसळला, तो समुद्रतळावरून गाळाच्या लोंढ्यासारखा धावला आणि त्याने देशाची इंटरनेट केबल तोडली. परदेशाशी जोडणारी केबल पाच आठवड्यांनी सुरू झाली. देशांतर्गत केबलला दीड वर्ष लागलं.

आता जमिनीचा हिशेब. आजच्या राजघराण्याचा मूळपुरुष ताउफाआहाउ, म्हणजेच पहिला जॉर्ज टुपोउ. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेटं एका छत्राखाली आणली, १८६२ मध्ये सामान्यांना सरदारांच्या वेठबिगारीतून मोकळं केलं आणि १८७५ मध्ये राज्यघटना दिली. आजूबाजूच्या बेटांवर गोऱ्या मळेवाल्यांनी कवडीमोलाने जमिनी घेतल्या होत्या. टोंगात विक्रीच बंद असल्याने तसं घडलं नाही. १९०० मध्ये ब्रिटनशी करार होऊन टोंगा संरक्षित राज्य झालं, पण राजा आणि जमीन टोंगनांकडेच राहिली. ४ जून १९७० ला तो करारही संपला.

सगळी जमीन नावाने राजाची असली तरी तिची वाटणी अशी: काही राजाच्या थेट ताब्यात, काही सरकारची आणि बरीचशी सरदारांच्या वंशपरंपरागत जहागिरींत. सरदारांचे किताब एकूण ३३. सामान्य माणसाने जमीनमंत्र्याकडे अर्ज करायचा. तुकडा जहागिरीत असेल तर सरदाराचं मत घेतलं जातं आणि तिथे भेटी देण्याची चालही आहे. एकदा नोंद झाली की तो तुकडा थोरल्या मुलाकडे जातो. विधवेला हयातभर हक्क राहतो, पण पुनर्विवाह केला की संपतो. परदेशी माणसाला फक्त भाडेपट्टा मिळतो. शेतजमीन मिळाल्यावर वर्षभरात दोनशे माड लावावेत, असंही कायदा सांगतो. सव्वाआठ एकरांत दोनशे माड म्हणजे दोन झाडांत सुमारे तेरा मीटर अंतर राहतं. त्यांच्याखालच्या मोकळ्या जागेत पिकांची फेरपालट चालते: पडीक जमीन मोडली की पहिला मान कोनफळासारख्या खादाड कंदाचा, उफीचा, नंतर अळू किंवा रताळी, शेवटी कसावा आणि मग पुन्हा पडीक. १९८७ पासून जपानसाठी लाल भोपळा लावायला सुरुवात झाली आणि हा क्रम बिघडला. जपानी बाजारात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ताजा भोपळा नसतो, तेवढ्या फटीत टोंगाचा माल खपतो. सगळ्यांनीच लावला की भाव कोसळतो. शिवाय ट्रॅक्टर आणि रासायनिक खतं आली, पडीक वर्षं कमी झाली, आणि खत मुरून शेवटी पाण्याच्या त्या भिंगातच पोचण्याची भीती उभी राहिली.

७५० चौरस किलोमीटर म्हणजे ७५,००० हेक्टर. सव्वाआठ एकर म्हणजे ३.३४ हेक्टर. काओचा सुळका, सरोवरं आणि रस्ते यांसकट देशाचा कणन् कण वाटला तरी साडेबावीस हजारांपेक्षा कमी तुकडे पडतात. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाच्या आसपास होती. त्यातले निम्मे पुरुष धरले आणि सोळाच्या आतली मुलं वगळली, तरी हक्कदार तीस हजारांच्या घरात जातात. त्यात जवळपास तीन-चतुर्थांश लोक एकट्या टोंगाटापूवर राहतात आणि त्या बेटाचं क्षेत्रफळ आहे २६० चौरस किलोमीटर. कायद्याने दिलेला शब्द गणितात बसत नाही, तो कित्येक दशकांपूर्वीच मोडलाय. धाकट्या मुलांनी ऑकलंड, सिडनी, सॉल्ट लेक सिटी गाठली. आज देशापेक्षा देशाबाहेर जास्त टोंगन राहतात आणि त्यांनी पाठवलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास भरतो. बाहेरच्या बेटांवरून राजधानी नुकुअलोफात आलेल्यांच्या वाट्याला उत्तर किनाऱ्याची पाणथळ जागा येते. टोंगाटापू उत्तरेकडे कलल्यामुळे दक्षिण किनाऱ्यावर कडे आहेत, तर उत्तरेला समुद्र थेट अंगणात येतो.

बायकांचं काय? इथे टोंगन समाज आणि टोंगन कायदा चक्क विरुद्ध दिशांना चालतात. समाजात बहिणीचा दर्जा भावापेक्षा वरचा. वडिलांची बहीण घरातली सर्वांत मानाची व्यक्ती. लग्नात, अंत्यविधीला तिला किंवा तिच्या मुलांना अग्रस्थान मिळतं, उत्तम चटया आणि ताडपत्रीएवढं रुंद, झाडाच्या सालीचं कापड त्यांच्यापुढे ठेवलं जातं. आपल्याकडे बारशाला आत्याचा मान असतो. टोंगात तो जन्मभर चालतो. पण जमिनीच्या अर्जाच्या रांगेत ही आत्या उभीच राहू शकत नाही.

राज्यकारभारात मोठा बदल २०१० मध्ये झाला. त्याआधी मंत्रिमंडळ राजा नेमत असे. २००६ च्या नोव्हेंबरमधल्या दंगलीत राजधानीचा बराच बाजार जळाला. पुढे पाचव्या जॉर्ज टुपोउने आपले बरेच अधिकार सोडले. आता विधानसभेत २६ निवडून आलेले सदस्य असतात, १७ जनतेने निवडलेले आणि ९ सरदारांनी आपापसांत निवडलेले. पंतप्रधान सभा ठरवते, आणि तो सभेबाहेरचे चारपर्यंत मंत्री घेऊ शकतो. २०१४ मध्ये अकिलिसी पोहिवा हे सामान्य घरातले नेते सभेच्या मतांनी पंतप्रधान झाले. विधेयकाला संमती नाकारण्याचा अधिकार राजाने स्वतःकडे ठेवला आहे. रविवारी व्यापार बंद ठेवण्याचं आणि त्या दिवशी केलेला करार रद्दबातल ठरवण्याचं कलमही घटनेत कायम आहे.

सरदारांचे किताब आणि त्यांचा वारसा यांबद्दलच्या कायद्यावर मात्र सभेत फक्त सरदारच बोलू आणि मत देऊ शकतात, असं घटनेचं ६७ वं कलम सांगतं. या किताबांबरोबरच जहागिरी येतात, आणि सोळा वर्षांच्या मुलाला द्यायचे सव्वाआठ एकर बहुतेक वेळा त्या जहागिरीतूनच काढायचे असतात.