काळ्या कोंबडीचं रक्त लालच असतं

2020 च्या नोव्हेंबरात महेंद्रसिंग धोनीने झाबुआच्या एका शेतकऱ्याकडे कडकनाथच्या 2000 पिल्लांची मागणी नोंदवल्याची बातमी आली आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा एकदा ही कोंबडी फिरायला लागली. (पुढे जानेवारीत त्या भागात बर्ड फ्लू आला आणि मागणी रखडली, पण ती बातमी कुणी फारशी पुढे ढकलली नाही.) मला आलेल्या मजकुरात कडकनाथचं मांस काळं, हाडं काळी, अंडं काळं आणि रक्तही काळं होतं. शिवाय मधुमेह, दमा, हृदयविकार आणि 'पुरुषांच्या तक्रारी' अशी सगळी यादी एका तंगडीत बरी होणार होती.

यातलं मांस काळं हे खरं. हाडं काळी दिसतात हेही खरं, पण अर्धवट. अंडं फिकट तपकिरी असतं, आपल्या गावरान कोंबडीसारखंच. आणि रक्त लाल असतं. थोडं गडद वाटेल, पण लालच. रक्ताचा रंग हिमोग्लोबिनचा आणि कातडीचा रंग मेलॅनिनचा. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

कडकनाथ मूळची पश्चिम मध्य प्रदेशातली. झाबुआ, अलिराजपूर, धार या भागांतल्या भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या अंगणात सांभाळली. तिथे तिला 'कालामासी' म्हणतात आणि सणावाराला, देवीला तिचा मान असतो. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही त्यावर दावा सांगितला होता. पिसांवरून तिचे तीन प्रकार मानतात: पूर्ण काळा, सोनेरी झाक असलेला आणि पिसांवर बारीक रेघा असलेला. नर साधारण दीड ते दोन किलोचा, मादी सव्वा-दीड किलोची. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो, हिला दीड किलोच्या आसपास जायलाच पाच-सहा महिने लागतात. भाव जास्त असतो त्याचं अर्धं कारण इथेच आहे.

आता त्या काळ्या रंगाकडे येऊ, कारण मला खरं तेच सांगायचं आहे.

कडकनाथची तंगडी शिजल्यावर हाडावरचं मांस काढा आणि सुरीच्या टोकाने हाड खरवडा. काळा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो आणि खालून बरंच फिकं हाड निघतं. म्हणजे काळं आहे ते हाडाचं आवरण. तसाच रंग श्वासनलिकेवर असतो, आतडी धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर असतो, स्नायूंच्या मधल्या धाग्यांत असतो, तुऱ्यात आणि जिभेतही असतो. जिथे जिथे जोडऊती, म्हणजे अवयवांना जोडून-धरून ठेवणारी ऊती आहे, तिथे तिथे कमीजास्त काळेपणा. हे कसं झालं?

मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी कातडीत जन्मत नाहीत. अंड्यात गर्भ जेमतेम दोन-तीन दिवसांचा असताना त्याच्या पाठीच्या कण्याच्या जागी जी मज्जानलिका तयार होते, तिच्या वरच्या कडेला पेशींची एक पट्टी असते. तिला म्हणतात मज्जाशिखा. या पट्टीतल्या पेशी तिथून उठून शरीरभर चालू लागतात. काही पोटाच्या बाजूच्या वाटेने आत उतरतात आणि त्यांतून चेतापेशींचे पुंजके वगैरे बनतात. ज्यांना रंगपेशी व्हायचं असतं त्या जरा उशिराने निघतात आणि कातडीलगतच्या वरच्या वाटेने जातात. साध्या कोंबडीत या उशिरा निघालेल्या पेशी आतल्या वाटेला सहसा लागत नाहीत. त्या बाह्यत्वचेत आणि पिसांच्या मुळांत जाऊन बसतात, म्हणून पिसं रंगीत आणि आतलं मांस गुलाबी.

या पेशींना वाढवणारं आणि पुढे ढकलणारं एक प्रथिन आहे, एंडोथेलिन-3. ते जितकं जास्त, तितक्या रंगपेशी जास्त विभागतात आणि जास्त लांब जातात. 2011 मध्ये सिल्की या चिनी कोंबडीच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात गडबड नेमकी कुठे आहे ते सापडलं. कोंबडीच्या 20 क्रमांकाच्या गुणसूत्रावर डीएनएचे दोन तुकडे, एक सुमारे 1 लाख 27 हजार अक्षरांचा आणि दुसरा सुमारे 1 लाख 70 हजारांचा, दुप्पट झालेले आहेत. त्यांच्यामध्ये चार लाखांहून अधिक अक्षरांचं अंतर, आणि दुबार झालेल्या प्रतींतली एक उलटी चिकटलेली. छापखान्यात पानं जुळवताना कुणी एक फॉर्मा दोनदा आणि त्यातला एक उलटा शिवून टाकावा, तसा हा प्रकार. पहिल्या तुकड्यात एंडोथेलिन-3 चं जनुक आहे. प्रती जास्त, म्हणून प्रथिन जास्त, म्हणून रंगपेशींची झुंड मोठी, आणि ती आतल्या वाटेनेही घुसते. या अवस्थेला फायब्रोमेलॅनोसिस म्हणतात.

गंमत अशी की इंडोनेशियाची अयाम सेमानी, स्वीडनची काळी कोंबडी, चीनची सिल्की आणि आपली कडकनाथ या सगळ्यांत गुणसूत्राची मोडतोड त्याच जागी आहे. इतकी गुंतागुंतीची चूक चार ठिकाणी चार वेळा हुबेहूब होणं जवळपास अशक्य. म्हणजे ती कधीतरी एकदा, एका कोंबडीत झाली आणि माणसांनी ती व्यापारातून, स्थलांतरातून जगभर नेली. भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी कडकनाथच्या जनुकांवर बरंच काम केलं आहे, त्यातूनही हेच चित्र दिसतं.

आता थोडं डोकं लावावं लागेल. ज्यांना बारावीचं जीवशास्त्र नको वाटतं त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पण कडकनाथ पाळणाऱ्यांनी गाळू नयेत.

काळेपणाचं हे जनुक, त्याला 'एफएम' म्हणू, बऱ्याच अंशी प्रभावी आहे. एक प्रत मिळाली तरी पिल्लू काळपट होतं. पण त्याच्यावर लगाम ठेवणारं दुसरं एक जनुक आहे, 'आयडी'. हे कातडीच्या आतल्या थरातला रंग दाबतं, आणि तेही प्रभावी आहे. खरी मेख पुढे आहे. आयडी बसलंय झेड या लिंगगुणसूत्रावर. पक्ष्यांत आपल्या उलटं असतं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे तलंगीला, म्हणजे तरुण मादीला, तिचा एकमेव झेड बापाकडूनच मिळतो, आईकडून कधीच नाही. बेटसन आणि पनेट या दोघा इंग्रज आनुवंशशास्त्रज्ञांनी 1911 मध्ये सिल्की आणि उजळ कातडीची लेगहॉर्न यांचा संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिला. सिल्की मादी आणि लेगहॉर्न नर घेतला तर सगळी पिल्लं उजळ, थोडेफार डाग असलेली. उलट, सिल्की नर आणि लेगहॉर्न मादी घेतली तर नर पिल्लं उजळ आणि माद्या मात्र काळ्याकुट्ट. लेगहॉर्न आईचा आयडी मुलग्यांना मिळाला, मुलींना मिळालाच नाही. गुणसूत्रं म्हणजे काय हे अजून धड ठरत होतं त्या काळात या दोघांनी खुराड्यात उभं राहून हे सोडवलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

याचा आपल्या अंगणाशी संबंध काय? गावरान कोंबड्यांच्या पायांच्या नळ्या बघा. काहींच्या पिवळ्या किंवा पांढुरक्या असतात, काहींच्या राखाडी किंवा हिरवट. ढोबळमानाने, पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबडीकडे आयडी आहे, राखाडी-हिरवट पायांच्या कोंबडीकडे नाही. कडकनाथचा कोंबडा पिवळ्या पायांच्या गावरान कोंबडीवर सोडला तर तलंगा काळ्या निघतील आणि नर उजळ. पण तोच कोंबडा राखाडी पायांच्या कोंबडीवर सोडला तर सगळीच्या सगळी पिल्लं काळपट निघतील, आणि बाजारात ती 'अस्सल कडकनाथ' म्हणून बिनबोभाट खपतील. खपतातच. अशा दोन काळ्या संकरित पक्ष्यांची जोडी लावली की मग चारांत एखादं पिल्लू साधं निघतं आणि घेणारा डोक्याला हात लावून बसतो. म्हणून पिल्लू काळं आहे एवढ्यावर पैसे मोजू नयेत. आई-बाप दोन्ही बघावेत आणि शक्य असेल तर आधीच्या उबवणीतली पिल्लंही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर 2019 चं सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूरचं प्रकरण आठवावं. पिल्लं आम्ही देतो, तुम्ही वाढवा, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने आम्हीच परत घेतो, अशी योजना. अंड्यांना भाव मिळत होता कारण त्या अंड्यांतून निघणारी पिल्लं पुढच्या गुंतवणूकदाराला विकायची होती. खाणारं गिऱ्हाईक त्या प्रमाणात कधी नव्हतंच. नवे गुंतवणूकदार आटले आणि डोलारा कोसळला. अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, कोंबड्यांच्या खाद्याला पैसे उरले नाहीत. 'औषधी' या एका शब्दावर लोकांनी केवढा विश्वास टाकला होता! कडकनाथच्या मांसात चरबी कमी असते हे बरोबर, पण सावकाश वाढणाऱ्या, दिवसभर उकरत हिंडणाऱ्या कुठल्याही कोंबडीत ती कमीच असते. मेलॅनिन खाल्ल्याने मधुमेह बरा होत नाही. अमावस्येला काळी कोंबडी उतरवून टाकल्याने बाधा जाते म्हणणारे आणि काळी कोंबडी खाल्ल्याने साखर उतरते म्हणणारे यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांचाही भरवसा रंगावरच.

आणि रंग स्वभावाबद्दल तर काहीच सांगत नाही. याचा पुरावा सिल्कीच देते. तेच जनुक, तीच मोडतोड, पण सिल्की अतिशय मवाळ. लहान मुलं तिला काखेत घेऊन हिंडतात. कडकनाथ बुजरी आणि चपळ. दाणे टाकले तरी हातभर अंतर ठेवूनच टिपते, हात पुढे केला की एका झेपेत छपरावर, आणि मोकळी सोडली तर रात्री खुराड्यापेक्षा झाडाची फांदी पसंत करते. मुंगूस आणि घारीच्या मुलखात हा अवगुण नव्हे.

दोघींमधला मोठा फरक मात्र खुडूक होण्यात, म्हणजे अंडी उबवायला बसण्यात आहे. सिल्की इतकी खुडूक होते की जगभर लोक तिच्याखाली दुसऱ्यांची, अगदी बदकांचीही अंडी ठेवतात. कडकनाथ अंडी घालते आणि चालू लागते. खुडूकपणामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक असतं. वाढत्या उजेडाने मेंदूतून निरोप जातो, पियूष ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडते, आणि पोटाच्या उघड्या कातडीला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की ते चढंच राहतं. मग अंडाशय आक्रसतो आणि अंडी बंद होतात. आपल्याकडे खुडूक मोडायला कोंबडीचं पोट गार पाण्यात बुडवतात, किंवा तिला गवत न घातलेल्या उघड्या पिंजऱ्यात ठेवतात. अंड्यांचा स्पर्श आणि ऊब तोडणं हाच त्यामागचा उपाय. या गुणामागे एक नव्हे, अनेक जनुकं आहेत, आणि निवडीने तो घालवता येतो. अंड्यांसाठी वाढवलेल्या व्हाइट लेगहॉर्नमधून तो जवळजवळ नाहीसाच झाला.

म्हणून झाबुआतल्या घरांत जुनी रीत आहे तीच इथेही बरी: कडकनाथची अंडी आठवड्याच्या आत गोळा करायची आणि खुडूक झालेल्या गावरान कोंबडीखाली दहा-बारा रवणीला, म्हणजे उबवायला घालायची. एकविसाव्या दिवशी निळसर-काळी पिल्लं निघतात आणि पिवळ्या पायांची आई त्यांना विनातक्रार वाढवते. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरे. तो मात्र दर वर्षा-दीड वर्षाने बाहेरून, नात्यात नसलेला आणावा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या पिढीत अंडी कमी फुटायला लागतात. कडकनाथलाच निवडीने खुडूक बनवावं असंही काही हौशी लोकांच्या मनात असतं. करता येईल, पण मुळात ती वर्षाला ऐंशी ते शंभर अंडी देते, आणि प्रत्येक खुडुकीत त्यातला महिना-दीड महिना जाणार.