घरघर लागली म्हणजे

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या वरच्या अंगाला आमचं आजोळ. भात झोडताना थोरले मामा खळ्यावर कोसळले, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो. हाक नाही, कण्हणं नाही. उभे होते ते आडवे झाले. हातपाय जरा झटकले, म्हणून कुणीतरी फिट समजून नाकाला कांदा लावला. मग तोंड वासून त्यांनी घोरल्यासारखा एक श्वास ओढला. बऱ्याच वेळाने दुसरा. ‘‘श्वास घेऊलालेत की!’’ एकजण ओरडला. आजी म्हणाली, घरघर लागली, तुळस आणा.

दोघंही चुकले होते, हे मला फार उशिरा कळलं.

हृदय अचानक बंद पडतं तेव्हा पुष्कळदा त्याची विजेची लय बिघडलेली असते. खालचे कप्पे आवळण्याऐवजी नुसते थरथरतात आणि रक्त पुढे सरकत नाही. हार्ट अटॅक म्हणजे हे नव्हे. त्यात रक्तवाहिनी तुंबते, आणि माणूस बहुधा छाती धरून बोलत असतो. अटॅकमुळे हृदय बंद पडू शकतं, एवढंच. बंद पडल्यावर काही सेकंदांत शुद्ध जाते, पण मेंदूच्या बुडाशी असलेलं श्वासाचं केंद्र थोडा वेळ तग धरतं आणि आचके देत राहतं. तीच ही घरघर. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वेगळी; तिथे तुळसच योग्य. धडधाकट माणूस एकाएकी पडला, हलवून जागा होत नाही आणि आचके देतोय, तर त्याचा श्वास चालू नाही असंच समजायचं.

याच आचक्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन घेणारी माणसंही फसतात, हे देशोदेशींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. १०८ वर ‘उसिरु ऐतेन्री?’ (श्वास आहे का?) असं कन्नडात विचारलं आणि आपण ‘हां, ऐते’ (हो, आहे) म्हणून मोकळे झालो, की घोटाळा झालाच. ‘मधूनमधून आचके देतात’ हे नीट सांगा, मराठीत सांगा नाहीतर कन्नडात.

अशा वेळी रक्त फिरतं ठेवायला छाती दाबायची युक्ती अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडली. तिथल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी ती १९६० साली जगापुढे मांडली. त्यातले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते! जोडीला औषधं आहेत, यंत्रं आहेत. झटका देऊन लय ताळ्यावर आणणारं यंत्र वेळेत मिळालं तर त्याला तोड नाही. औषधांचं तसं नाही. बंद हृदय चालू करायला देतात त्या अ‍ॅड्रेनलिनची ब्रिटनमध्ये आठ हजारांवर रुग्णांवर चाचणी झाली. २०१८ च्या त्या निकालात औषध दिलेल्यांतले महिन्याने ३.२ टक्के जिवंत होते, औषधाविना २.४ टक्के, आणि वाचलेल्यांत मेंदूला जबर इजा झालेले औषधाच्या गटातच जास्त. स्वीडनमधल्या हृदय बंद पडल्याच्या ३०,३८१ घटनांची नोंद २०१५ मध्ये छापून आली. अ‍ॅम्ब्युलन्स येण्याआधी कुणी छाती दाबली होती, तिथे १०.५ टक्के वाचले. नव्हती दाबली, तिथे ४ टक्के.

रक्ताविना चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. खानापूरहून निघालेली गाडी तेवढ्यात कणकुंबीला पोचत नाही. तोवर छातीच्या मधोमध, कोपर ताठ ठेवून, कणीक तिंबताना देतो तसा अंगाचा भार द्यायचा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मोठ्या माणसाला तोंडाने श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबलं तरी चालतं. बरगडी मोडेल, मोडू दे. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, म्हणून माणूस बदलायचा. गादीवर जोर वाया जातो. खाली टणक हवं.

त्या दिवशी खळ्यावर आठ-दहा गडी होते, भात झोडून झोडून हात तयार झालेले. आणि खाली चोपून, सारवून दगडासारखी केलेली जमीन.